पाठ नसलेल्या पटावर

हे मनन सावकाश करायचं आहे. एकेक पान समोर घ्यायचं, त्यावरची ओळ वाचायची, आणि पुढच्या पानाची घाई करायची नाही. खेळ येत नसला तरी हरकत नाही. नियम लागतील तेवढेच सांगतो.

आधी दोन खेळ शेजारी ठेवू. पहिला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ब्लिझर्ड कंपनीने तो नोव्हेंबर २००४ मध्ये आणला. अझेरॉथ नावाचं अफाट जग, त्यात एकाच वेळी वावरणारी हजारो माणसं, आणि शिरतानाच विचारला जाणारा प्रश्न : तुम्ही कोण होणार? तेव्हा नऊ उत्तरं होती. वॉरियर, पॅलाडिन, हंटर, रोग, प्रीस्ट, शमन, मेज, वॉरलॉक आणि ड्रुइड. यांना खेळाडू क्लास म्हणतात. एकदा ठरला की त्या पात्राचा क्लास बदलता येत नाही.

दुसरा खेळ ‘हार्थस्टोन’, पत्त्यांचा. कंपनी तीच, साल २०१४. इथे हिंडायला जग नाही. एक पट, समोरासमोर दोघे, प्रत्येकाकडे ३० पानांचा डेक आणि ३० हेल्थ. क्लास मात्र सुरुवातीला तेच नऊच्या नऊ.

इथे पहिला विसावा घ्या. मोठ्या जगातला एखादा योद्धा डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याजवळचं एकेक काढून घ्या. आधी पायाखालची जमीन. मग अंतर, आता जवळ-लांब काही उरलं नाही. मग घड्याळ, सेकंदा-सेकंदाची झटापट संपली, आता आळीपाळीने खेळायचं. मग त्याची स्वतःची शक्ती. मूळ खेळात वॉरियरला संताप लागे, रोगला चपळाई, इतरांना मॅना, म्हणजे मंत्रशक्ती. हार्थस्टोनमध्ये सगळ्यांना एकच माप. पहिल्या खेळीला एक मॅना, दुसरीला दोन, असं वाढत दहापर्यंत. शेवटी सोबतीही काढून घ्या. योद्धा एकटा उरला.

एवढं सगळं गेल्यावर तो अजून वॉरियर आहे, हे कशावरून ओळखायचं? हा प्रश्न मनात राहू द्या. उत्तर पानांकडूनच घेऊ.

पहिलं पान रोगचं, बॅकस्टॅब. मूळ खेळात या वाराची अट साधी होती. हातात खंजीर हवा आणि तुम्ही शत्रूच्या पाठीमागे हवेत. समोरून हा वार बसतच नसे. म्हणून रोग सतत वळसा घालत असे, सावलीतून सरकत असे. आता तो पत्त्यांच्या पटावर आणायचा. पटावर उतरवलेल्या सैनिकाला मिनियन म्हणतात. मिनियनला समोरची बाजू असते, पाठ नसते. तो ओळीत उभा असतो, बस. मग पाठीत वार करायचा कुठे?

हार्थस्टोनच्या बॅकस्टॅबवर लिहिलं आहे : ज्याला अजून इजा झालेली नाही, अशा मिनियनला दोन इजा. किंमत शून्य मॅना.

या ओळीपाशी थोडा वेळ थांबा. इजा न झालेला मिनियन म्हणजे ज्याच्याशी अजून कुणी लढलेलं नाही, जो सावध व्हायचा आहे असा. त्याच्यावर पहिला घाव घालणं, फुकटात, चाहूल न लागता. पाठ गेली, पण बेसावधपणा राहिला. जागेची अट होती ती अवस्थेची झाली, आणि तरीही आपण त्या रोगला ओळखलं.

याच्या शेजारी वॉरियरचं एक्झिक्यूट ठेवा. मूळ खेळात हा शेवटचा घाव होता. शत्रूची हेल्थ वीस टक्क्यांवर आली की मगच तो वापरता येई. हार्थस्टोनमध्ये टक्केवारी करत बसायला सवड नाही. तिथे लिहिलं आहे : शत्रूच्या इजा झालेल्या मिनियनचा नाश करा. इजा एक असो की सात, एकदा रक्त आलं की पुरे. आता दोन्ही पानं एकत्र वाचा. एकाला ओरखडाही नसलेला शत्रू हवा, दुसऱ्याला जखमी. दोन्ही पानांवरची चित्रं झाका, नावं झाका. उरलेल्या अटीवरून कोण कुठलं, हे सांगता येतं का पाहा.

आता वॉरियरच्या संतापाकडे वळू. मूळ खेळात वॉरियर लढाईला उतरे तेव्हा त्याची शक्ती शून्य असे. घाव घातले की संताप चढे, घाव सोसले तरी चढे, आणि लढाई थांबली की ओसरे. मार खाल्ल्याने बळ मिळणारा हा क्लास होता. हार्थस्टोनमध्ये संतापाची ती पट्टी उरली नाही. तिथे सर्वांना सारखाच मॅना. मग संताप गेला कुठे?

व्हर्लविंड हे पान घ्या. मूळ खेळात वॉरियर गरकन फिरून भोवतालच्या शत्रूंना कापत असे. हार्थस्टोनमध्ये या पानाने सगळ्या मिनियन्सना एक इजा होते. सगळ्या म्हणजे आपल्याही. प्रथम वाचताना ही चूक वाटते. स्वतःच्याच माणसांना कोण मारतं? तेवढ्यात हातातली बाकीची पानं वाचा. आर्मरस्मिथ : आपल्या मिनियनला इजा झाली की आपल्या हिरोला, म्हणजे आपण ज्या पात्राने खेळतो त्याला, एक चिलखत. फ्रॉथिंग बर्सर्कर : कुठल्याही मिनियनला इजा झाली की याचा हल्ला एकाने वाढतो. बॅटल रेज : आपल्याकडे जितके जखमी, तितकी पानं ओढा.

आता ही चार पानं मनातल्या मनात एकत्र खेळा. घाव बसला, चिलखत चढलं, बर्सर्कर फुगला, जखमा मोजून नवी पानं आली. पट्टी नाहीशी झाली, पण दुखण्यातून बळ येण्याची रीत तशीच राहिली. उलट मूळ खेळात शत्रूने मारण्याची वाट पाहावी लागे, इथे वॉरियर स्वतःच स्वतःच्या ओळीला घाव घालतो.

यानंतर वॉरलॉक. त्याच्या मूळ विद्यांमध्ये लाइफ टॅप नावाची एक होती. आपली हेल्थ जाळायची आणि बदल्यात मॅना मिळवायचा. हार्थस्टोनमध्ये प्रत्येक हिरोला एक कायमची शक्ती असते, सहसा दोन मॅना देऊन दर खेळीला एकदा वापरायची. वॉरलॉकची शक्ती लाइफ टॅपच आहे, पण बदल्यात मॅना मिळत नाही. दोन हेल्थ द्यायची आणि एक पान ओढायचं.

हा बदल का केला असेल, याचा सावकाश विचार करा. मूळ खेळात मॅना संपतो आणि माणूस हतबल होतो. तिथली टंचाई मॅनाची. हार्थस्टोनमध्ये मॅना दर खेळीला आपोआप भरतो. पान मात्र खेळीला एकच मिळतं, आणि हात रिकामा झाला की कितीही मॅना असला तरी त्याचं करायचं काय? इथली टंचाई पानांची. वॉरलॉक दोन्हीकडे तेच करतो. जे सर्वांत दुर्मीळ आहे, ते स्वतःच्या अंगातून काढून विकत घेतो. डाव ३० हेल्थवर सुरू होतो, आणि हा माणूस शत्रूने हात लावण्याआधीच ती उधळायला लागतो. फ्लेम इंप पटावर आणताना तीन हेल्थ, पिट लॉर्ड आणताना पाच. सोलफायर हे मंत्राचं पान. मूळ खेळात हा मंत्र टाकायला मेलेल्या शत्रूच्या आत्म्याचा तुकडा जवळ असावा लागे. इथे ते टाकताना हातातलं एक पान गमवावं लागतं, तेही कुठलं जाईल हे आपल्या हाती नाही.

आतापर्यंत तीन क्लास पाहिले. धागा सापडतो आहे. रोगला क्षण लागतो, वॉरियरला जखम, वॉरलॉकला मोबदला. ताकदीचं रूप दर वेळी बदललं, अट टिकली. कधी हात उचलायचा आणि त्यासाठी काय द्यायचं, एवढं जपलं की बाकी सगळं काढून घेतलं तरी क्लास ओळखू येतो. पुढच्या पानाकडे जाण्यापूर्वी हे तुम्हाला पटतं का, ते स्वतःशी ठरवा. कारण पुढचं पान याच ठिकाणी अडतं.

ते प्रीस्टचं. मूळ खेळात मोठ्या मोहिमा चाळीस-चाळीस जणांच्या असत. टँकने राक्षसाला डिवचून आपल्याकडे वळवायचं, बाकीच्यांनी मारायचं, आणि प्रीस्टसारख्या हीलरने सगळ्यांना जगवायचं. हीलरची नजर राक्षसाकडे कमीच जाई. ती सोबत्यांच्या हेल्थच्या पट्ट्यांवर खिळलेली. कुणाची घसरली, कुणाची सावरली, आता कुणाला आधी. प्रीस्टची अट होती ती दुसरं माणूस असणं.

हार्थस्टोनमध्ये ते माणूस नाही. प्रीस्टची कायमची शक्ती आहे दोन हेल्थ भरून काढण्याची, पण भरायची कुणाची? स्वतःची, किंवा पटावरच्या आपल्या मिनियनची. मिनियन म्हणजे आपणच टाकलेलं पान. तो हाक मारत नाही आणि वाचवल्याबद्दल आभारही मानत नाही. शिवाय जिंकायचं तर समोरच्याची ३० हेल्थ संपवायचीच आहे. निव्वळ बरं करत राहणाऱ्याला विजय मिळवता येत नाही.

आता या क्लासने काय केलं ते पाहा. नॉर्थशायर क्लेरिक : एखादा मिनियन बरा झाला की एक पान ओढा. म्हणजे बरं करण्यातही आता फायदा. ऑकेनाय सोलप्रीस्ट : तुमचं बरं करणं यापुढे इजा करेल. त्याच्या जोडीला सर्कल ऑफ हीलिंग, जे सगळ्या मिनियन्सना चार हेल्थ देतं, ते टाकलं की सगळ्यांना चार इजा होतात. माइंड व्हिजनने मूळ खेळात दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहता येई. इथे त्याने प्रतिस्पर्ध्याच्या हातातल्या एका पानाची नक्कल आपल्याकडे येते. माइंड कंट्रोलने मूळ खेळात शत्रूला काही काळ ताब्यात ठेवता येई. इथे त्याचा मिनियन कायमचा आपला होतो.

हे सगळं मनात उतरू द्या. एकटा पडलेला सेवेकरी दुसऱ्याच्या हातात डोकावतो, त्याच्या वस्तू उचलतो, आपल्या औषधाचं विष करतो. त्याला दोष देऊ नका. मूळ खेळातही त्याची एक अंधारी शाखा होतीच, त्यामुळे हे सगळं आभाळातून पडलेलं नाही. तरी फरक दिसतो. रोग, वॉरियर, वॉरलॉक यांची अट पटावर आणता आली, कारण ती त्यांच्या आणि शत्रूच्या मधली होती. प्रीस्टची अट त्याच्या आणि सोबत्याच्या मधली होती. दोघांच्या डावात ती ठेवायला जागाच नाही. मग उरतं काय? प्रीस्टची हत्यारं, ज्याच्यासाठी ती होती त्याच्याविना.

आता एक उलट उदाहरण घेऊ, म्हणजे हे एकतर्फी होणार नाही. डेथ नाइट हा क्लास मूळ खेळात २००८ मध्ये आला आणि हार्थस्टोनमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये. मूळ खेळात तो आला तेव्हा त्याच्याकडे सहा रून होते. रक्ताचे दोन, हिमाचे दोन, अपवित्र शक्तीचे दोन. लढताना ते खर्च होत आणि काही सेकंदांत परत भरत. हार्थस्टोनमध्ये हे रून डावात खर्च होतच नाहीत. ते डेक बांधतानाच लागतात. तीन जागा मिळतात. कुठल्या रूनला किती, हे आधी ठरवायचं. एखाद्या पानाला एकाच जातीचे तीनही रून लागत असतील, तर ते घेण्यासाठी बाकीच्या दोन वाटा बंद कराव्या लागतात. जी गोष्ट दर दहा सेकंदांनी परत मिळत होती, ती आता एकदाच ठरते आणि पूर्ण डावभर तशीच राहते. प्रीस्टच्या बाबतीत लहान पटाने काही हिरावून घेतलं. डेथ नाइटच्या बाबतीत त्याच पटाने एका सवयीचं रूपांतर निवडीत केलं, आणि निवडीची किंमत उघड दिसू लागली.

पानं आता खाली ठेवा. शेवटचं काम तुमच्या स्वतःबद्दल आहे.

तुमच्या अंगचा एक गुण निवडा, लोक ज्यावरून तुम्हाला ओळखतात असा. चिकाटी असेल, हजरजबाबीपणा असेल, कुणाला धीर देण्याचं कसब असेल. त्याभोवतीचं एकेक काढत जा, आपण सुरुवातीला योद्ध्याचं काढलं तसं. जागा, पद, हाताशी असलेली साधनं. हे करताना दोन प्रश्न धरून ठेवा. हा गुण जागा होण्यासाठी काय घडावं लागतं? आणि तो वापरताना माझ्या पदरचं काय जातं? या दोहोंची उत्तरं स्पष्ट असतील तर तो गुण नव्या गावात, नव्या नोकरीत, म्हातारपणीही रूप बदलून टिकेल.

सगळ्यात शेवटी सोबतीचं माणूस काढून पाहा. काही गुण इथेही टिकतात. जे टिकत नाहीत, त्यांची यादी वेगळी करा. ते गुण एकट्या तुमचे कधी नव्हतेच. ते तुमचे आणि आणखी कुणाचे तरी मिळून होते. त्या माणसाचं नाव यादीत त्या गुणापुढे लिहा.