उसने कपडे

1966 च्या नोव्हेंबरात रीटा फारिया ‘मिस वर्ल्ड’साठी लंडनला गेली, तेव्हा तिच्या बॅगेत तिचं स्वतःचं असं फारसं काही नव्हतं. साडी मैत्रिणीची होती आणि पोहण्याचा पोशाख आदल्या वर्षीची ‘मिस इंडिया’ पर्सिस खंबाटा हिचा. रीटा मुंबईत डॉक्टरकी शिकत होती, आईवडील मूळचे गोव्याचे. मुकुट तिनं जिंकलाच, शिवाय संध्याकाळच्या पोशाखाचं वेगळं बक्षीसही तिला मिळालं, ते साडीसाठी. गोव्याकडच्या कॅथलिक घरातल्या या मुलीचा रोजचा वेश साडी होता की फ्रॉक, याची चौकशी लंडनमध्ये कोणी केली नसणार. भारतातून आली आहे आणि साडी नेसली आहे, एवढं परीक्षकांना पुरेसं होतं.

ही उसनी साडी मला महत्त्वाची वाटते. सौंदर्यस्पर्धांतल्या ‘राष्ट्रीय पोशाखा’बद्दल बोलताना आपण नेहमी अस्सल आणि नकली असा वाद घालतो. माझ्या मते तो वाद चुकीच्या जागी घातला जातो. राष्ट्राचा म्हणून मिरवला जाणारा जवळजवळ प्रत्येक पोशाख कोणाकडून तरी उसना घेतलेला असतो. विचारायचं ते हे, की घेतला कोणाकडून, आणि ज्याच्याकडून घेतला त्याची आठवण कोणी ठेवली का.

‘मिस युनिव्हर्स’मध्ये राष्ट्रीय पोशाखाची फेरी वेगळी असते. तिचं बक्षीस वेगळं, मुकुटाच्या हिशेबात ते धरत नाहीत. प्रत्येक मुलीला मिनिटभरही मिळत नाही. बोलायचं नाही, फक्त चालायचं आणि वळायचं. म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातला चित्ररथ, फक्त ट्रॅक्टरऐवजी एक मुलगी. आणि चित्ररथासारखाच हा प्रकारही वर्षागणिक फुगत गेला आहे. 2015 मध्ये थायलंडची मुलगी टुकटुक रिक्षा होऊन आली, हँडलसकट आणि दिव्यांसकट, आणि बक्षीस घेऊन गेली. त्याच वर्षी कॅनडाच्या मुलीच्या अंगावर हॉकीच्या गुणफलकाचा थाट होता. 2017 मध्ये मलेशियानं नासी लमाक, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताचं ताट, अंगावर घालून पाठवलं. पुढच्या वर्षी फिलिपीन्सची कॅट्रिओना ग्रे आपल्या मागे नाताळातला अवाढव्य आकाशकंदील ओढत आली. तो इतका जड होता की तिची दमछाक पाहणाऱ्यालाही जाणवत होती. पण गंमत सगळ्यात जास्त एल साल्वादोरची. त्या देशानं 2021 मध्ये बिटकॉइनला अधिकृत चलन केलं, आणि 2022 च्या, म्हणजे प्रत्यक्षात जानेवारी 2023 मधल्या स्पर्धेत त्यांची मुलगी सोनेरी बिटकॉइन मिरवत उभी. 2025 च्या सुरुवातीला सरकारनं ते चलन स्वीकारण्याची सक्ती कायद्यातून काढून टाकली. राष्ट्रीय पोशाखाचं आयुष्य दोन वर्षांचं ठरलं.

यावर जाणकारांची तक्रार ठरलेली असते. हे कसले पोशाख, हे तर सोंग! तक्रारीत तथ्य आहे, पण अर्धंच. कारण ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्यांचे पोशाख समजतो त्यांची जन्मतारीखही पुष्कळदा सापडते. 1960 मध्ये थायलंडच्या राणी सिरिकित यांना राजासोबत अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यावर जायचं होतं. तिथे थायलंडचा म्हणून काय नेसायचं, हा प्रश्न पडला, कारण ठरलेलं असं काही नव्हतंच. मग जुनी छायाचित्रं, जुने राजवाड्यातले वेश धुंडाळून नमुने तयार झाले. आज थाई लग्नांत जे ‘पारंपरिक’ म्हणून दिसतं त्यातलं बरंच तिथून आलेलं आहे. व्हिएतनामच्या आओ झाय या पोशाखाला अंगाबरोबरचा घाट येऊ लागला तो 1930 च्या दशकात, हनोईतल्या एका चित्रकारानं फ्रेंच शिवणकामाकडे बघत काढलेल्या नमुन्यांतून.

आणि आपली साडी? ज्ञानदानंदिनी देवी टागोर 1860 च्या दशकात पतीबरोबर मुंबई इलाख्यात आल्या. बंगाली घरातली तेव्हाची साडी, आत परकर नाही की झंपर नाही, चार लोकांत नेसून जाण्यासारखी नव्हती. मुंबईत त्यांनी पारशी बायकांचं नेसणं पाहिलं, त्यात आपले फेरफार केले आणि ते कलकत्त्याला नेलं. आज जगभर ‘भारतीय साडी’ म्हणून जे नेसणं ओळखलं जातं, त्याच्या मागचा एक ठळक धागा हा आहे. पारशांनी साडी घेतली गुजरातेत, बंगालनं ती घेतली पारशांकडून, आणि पुढे ती फिरत फिरत आमच्या आज्यांच्या घरी ‘गोल साडी’ होऊन आली. काष्टा सोडून गोल नेसायला लागलेल्या सुनेकडे बघून नाकं मुरडणाऱ्या सासवा महाराष्ट्रात कमी नव्हत्या. त्यांना ती परकी वाटत होती, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

तेव्हा उसनवारी हा दोष नाही. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणतो तसेच देशही एकमेकांकडून काठ, बाह्या आणि निऱ्या आणत आले. भांडण सुरू होतं ते वाटीवर आपलं नाव कोरल्यावर.

याचं सगळ्यात नमुनेदार उदाहरण 2009 चं. पेरूची कारेन श्वार्झ दियाब्लादाच्या वेशात उतरणार असं जाहीर झालं. दियाब्लादा हे सैतानाचे शिंगाळे मुखवटे घालून करायचं नृत्य. बोलिव्हियाच्या ओरूरो गावच्या कार्निव्हलची ती शान, आणि त्या कार्निव्हलला युनेस्कोची मान्यता 2001 मध्येच मिळालेली. बोलिव्हियाचे संस्कृतिमंत्री पाब्लो ग्रू यांनी प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची धमकी दिली. दोन देश, एक मुखवटा आणि सौंदर्यस्पर्धेतली एक मुलगी, यावर न्यायाधीशांनी बसायचं! पेरूचं उत्तर असं की हे नृत्य पुनो गावातही कांदेलारियाच्या उत्सवात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. नकाशा काढून बघावा. ओरूरो आणि पुनो ही दोन्ही गावं आन्दीजच्या उंच पठारावरची, पुनो तर तितिकाका सरोवराच्या काठावर. सरोवराच्या मधून सीमारेषा गेली ती एकोणिसाव्या शतकात, आयमारा लोक तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. रेषेच्या दोन्ही बाजूंना त्यांचीच माणसं नाचतात. म्हणजे ज्यांचा वेश उसना घेतला ते या भांडणात पक्षकारच नव्हते. लिमा आणि ला पाझ इथली सरकारं त्यांच्या मालावर आपापसांत वाद घालत होती.

कधी कधी मेलेल्यांकडूनही उसनं घेतलं जातं. 2007 ची स्पर्धा मेक्सिको सिटीत होती. यजमान देशाच्या रोसा मारिया ओहेदासाठी जो घागरा शिवला त्यावर क्रिस्तेरो युद्धाची चित्रं होती. खांबांना लटकलेले देह, बंदुकांसमोर उभा केलेला माणूस, कमरेला काडतुसांचा पट्टा. 1926 ते 1929 या काळात सरकार आणि कॅथलिक बंडखोर यांच्यात झालेल्या या लढाईत हजारो माणसं मेली. घागरा प्रसिद्ध होताच गदारोळ उठला आणि तो बदलून सौम्य करावा लागला. मला त्या शिवणाऱ्यांबद्दल थोडी सहानुभूती आहे. इतिहास म्हणजे फुलं आणि रिबिनी नव्हेत, हे त्यांना कळत होतं. पण घेराचा घागरा हा गिरकी घेण्यासाठी असतो, आणि फाशी गेलेल्यांना गिरकी घ्यायला लावणं काही पटत नाही. त्यांच्या नातवंडांना विचारलं होतं का, हा प्रश्न उरतोच.

भारताकडे वळलं तर 2022 च्या स्पर्धेत, म्हणजे प्रत्यक्षात जानेवारी 2023 मध्ये, दिविता राय सोनेरी पंख लावून ‘सोने की चिडिया’ होऊन गेली. देखणं होतं. पण हा पक्षी नेमक्या कोणत्या गावात, कोणाच्या मागावर बसतो? गतवैभव हे उसनं घ्यायला सगळ्यात सोपं, कारण परत मागायला कोणी येत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘विविधतेत एकता’ नावाचा कार्यक्रम ज्यांनी केला आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. महाराष्ट्र म्हणजे नऊवारी, नथ आणि फार तर डोक्यावर कोळणीची टोपली. वर्गात एखादी कोळ्यांची मुलगी असली तर तिला बहुधा पंजाब करायला मिळायचा.

व्हिएतनामच्या ह्हेन निए हिचं प्रकरण मला म्हणूनच बरेच दिवस सोडत नाही. ती एडे जमातीची. मध्य व्हिएतनामच्या डोंगराळ पठारावर राहणारे, आईच्या बाजूनं वंश मोजणारे हे लोक. त्यांच्या बायका मागावर जे गडद, लाल काठाचं कापड विणतात त्याला तोड नाही. 2018 मध्ये ही मुलगी बँकॉकला गेली ती मात्र ‘बान्ह मी’ होऊन, म्हणजे सायगॉनच्या रस्त्यावरच्या भरल्या पावाच्या टोपल्या अंगाभोवती घेऊन. पाव फ्रेंचांनी आणलेला, त्यात भरलं ते व्हिएतनामी, आणि वागवत होती एडे मुलगी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राग आला होता, की हिच्याच घरचं कापड सोडून हिला बेकरी का नेसवली? नंतर वाटलं, एडे मुलीनं दर वेळी एडेच दिसलं पाहिजे, हा आग्रह तरी माझा कोण? बहुसंख्य समाजातल्या मुलीला हवं ते नेसायची मुभा आहे, मग अल्पसंख्य मुलीनं मात्र आयुष्यभर संग्रहालयाच्या काचेत उभं राहावं का? त्या पावांत ती खळखळून हसत होती, आणि शेवटच्या पाचांत पोचली. या प्रश्नाचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. फक्त इतकं दिसतं की तिनं जे अंगावर घेतलं त्याच्या उसनवारीची गोष्ट कोणी लपवली नव्हती. बान्ह मी फ्रेंच पावाचा आहे हे सायगॉनमध्ये पोरंसोरंही सांगतात.

आणि मग म्यानमारची थुझार विंट ल्विन. फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारच्या लष्करानं सत्ता बळकावली. मे महिन्यात फ्लोरिडात ‘मिस युनिव्हर्स’ची लांबलेली 2020 ची स्पर्धा झाली. तिच्यासाठी तयार केलेला पोशाख प्रवासात हरवला, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. ऐन वेळी तिथल्या बर्मी लोकांकडून एक पोशाख मागून आणला, चिन जमातीचा. ती स्वतः चिन आहे. पंख नाहीत, दिवे नाहीत, चाकं नाहीत. चिन बायका सणाला नेसतात तसं हातमागाचं विणलेलं कापड आणि दागिने. चालत ती पुढे आली, वाकून नमस्कार केला आणि हातातली गुंडाळी उलगडली. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, म्यानमारसाठी प्रार्थना करा. सर्वोत्तम राष्ट्रीय पोशाखाचं बक्षीस तिला मिळालं. त्याच आठवड्यात चिन प्रांतातल्या मिंदात गावात लष्करी कायदा लागू झाला होता आणि तोफा चालत होत्या.

त्या दिवसांत चिन माणसं डोंगर उतरून, तियाउ नदी ओलांडून मिझोराममध्ये येत होती. दिल्लीतून त्यांना अडवण्याच्या सूचना होत्या, मिझोरामनं त्या मनावर घेतल्या नाहीत. गावागावांतून तांदूळ, पांघरुणं, कपडे गोळा झाले. मिझो बायका ज्याला पुआन म्हणतात तेच आडव्या पट्ट्यांचं कापड नदीपलीकडेही विणतात. ते नेसून आलेल्या बाईला अलीकडच्या बाईनं पहिल्यांदा कोणत्या गावची ते विचारलं असेल. देश कोणता, हे नंतर.