वाचलेला वेळ कोणाचा?

प्रत्येक यंत्र आपल्याला वचन देते की, श्रम वाचतील, वेळ वाचेल. बहुतेक यंत्रे ते वचन पाळतातही. परंतु वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडावा, हे यंत्र ठरवीत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते. म्हणून हा प्रश्न तांत्रिक नसून नैतिक आहे.

इंग्लंडमधील सुती कापडधंद्याचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील विणकर घरीच मागावर बसे. बायकामुले सूत कातीत. ते जीवन सुखाचे होते असे नव्हे. दारिद्र्य होते, मुलांनाही राबावे लागे. तथापि कामाचा वेग बव्हंशी घरातच ठरे. कित्येक कारागीर सोमवारी काम टाळीत आणि त्या दिवसाला थट्टेने ‘संत सोमवार’ म्हणत. राहिलेले काम आठवडाअखेरीस रात्री जागून पुरे करीत.

१७३३ साली जॉन के याने धावता धोटा तयार केला. विणकाम झपाट्याने होऊ लागले व सूत अपुरे पडू लागले. १७६४ च्या सुमारास जेम्स हार्ग्रीव्ह्ज याने ‘स्पिनिंग जेनी’ बनविली. तिच्यावर एकच व्यक्ती एका वेळी आठ धागे कातू लागली. हे यंत्र घरात मावत असे. रिचर्ड आर्कराइटचे यंत्र मात्र पाण्याच्या शक्तीवर चाले. त्यासाठी १७७१ साली क्रॉमफर्ड येथे गिरणी उभी राहिली. पाण्याचे चाक थकत नाही. म्हणून तेथे दिवसाची व रात्रीची अशा बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. कामकऱ्यांत मुलांचा भरणा मोठा होता. १८०५ च्या सुमारास सॅलफर्ड येथील एका गिरणीत गॅसचे दिवे लागले आणि काम थांबविण्याची सूर्यास्ताची सबबही उरली नाही.

जे यंत्र श्रम वाचविण्यासाठी जन्मले, त्याच्यापाशी माणसाला असे तासन्‌तास उभे राहावे लागले. कापड स्वस्त झाले, गरिबाच्या अंगावर सुती सदरा आला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु यंत्रात भांडवल गुंतलेले होते. थांबलेले यंत्र म्हणजे मालकाचा तोटा. वाचलेला तास कोणाचा, हे कोणीच ठरविले नसल्याने तो आपोआप बलवंताकडे गेला.

पुढे समाजाने ते ठरविण्यास आरंभ केला. १८३३ च्या ब्रिटिश कायद्याने बहुतेक कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामास मज्जाव केला. १८४७ च्या कायद्याने स्त्रिया व किशोरवयीन कामगार यांच्यासाठी दिवसाला दहा तासांची मर्यादा घातली. यंत्रे तीच राहिली, गिरण्याही चालू राहिल्या. बदलला तो माणसांचा निर्णय. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या निघाल्या, तेव्हा यंत्रांसोबत हा प्रश्नही येथे आला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढच्याच वर्षी परमगुरू पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरूम नोव्हारूम’ या परिपत्रकाद्वारे कामगारांची विश्रांती व न्याय्य वेतन यांचा पुरस्कार केला.

वाचकहो, आज यंत्र आपल्या खिशात आहे. कार्यालय बंद होते, पण मोबाइलमागोमाग काम जेवणाच्या ताटापर्यंत येते. घरात धुलाई यंत्र आले. त्याने वाचविलेला तास गृहिणीच्या विसाव्यास मिळाला, की नव्या कामाने गिळून टाकला? त्याच यंत्रामुळे घरकाम करणाऱ्या बाईचे काम हलके झाले, तर आपण तिला तेवढ्याच पगारात तासभर लवकर घरी जाऊ देतो, की तिचा पगार कापतो? गिरणीमालकाला दोष देणे सोपे आहे. आपल्या उंबरठ्याच्या आत आपणही कोणाचे तरी मालक असतो, आणि तेथे हा निर्णय दुसरे कोणी घेणार नाही.