धैर्य आणि कुंपणावरचा कोट

मुलांना धैर्य शिकवावें कीं नाहीं, असा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी काढीत नाहीं. १६६० ची पावनखिंड आणि १६७० चा सिंहगड ह्यांच्या गोष्टींवर पोसलेल्या वाचकाला तो निरर्थकच वाटेल. परंतु त्या गोष्टींतील वीर ज्या संकटाला सामोरे जातात तें सर्वांना दिसण्यासारखें असतें. कडा किती उंच आहे हें ऐकणाऱ्या पोरालाहि समजतें. जें संकट पाहणाऱ्याला दिसतच नाहीं, त्याच्याशीं झुंजणाऱ्याचें धैर्य ओळखावें कसें? शाळेची घंटा वाजतांच दोन्ही कान गच्च दाबून धरणारें, आणि तरीहि दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गांत येऊन बसणारें मूल शूर म्हणावें कीं विक्षिप्त?

हा प्रश्न मनांत येण्यास एक चित्रमय बालपुस्तक निमित्त झालें. ज्यूलिया फिन्ली मोस्का ह्यांनीं लिहिलेलें व डॅनियल राइली ह्यांच्या चित्रांनीं सजलेलें ‘द गर्ल हू थॉट इन पिक्चर्स’ हें पुस्तक २०१७ सालीं अमेरिकेंत निघालें. टेंपल ग्रँडिन ह्या पशुशास्त्रज्ञ विदुषीचें चरित्र त्यांत मुलांकरितां पद्यांत सांगितलें आहे. ग्रँडिनबाईंचा जन्म १९४७ सालीं बॉस्टन येथें झाला. तीन वर्षें उलटून गेलीं तरी ती मुलगी बोलेना. आवाज तिला सोसवेना. कोणी कवटाळलें तर ती अंग ताठ करी. तिला संस्थेंत ठेवून मोकळें व्हावें हा सल्ला आईनें मानला नाहीं. पुढें हीच मुलगी १९८९ सालीं इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टर झाली, कोलोराडोंत प्राध्यापक झाली, आणि गुरांना नेण्याकरितां तिनें आंखलेल्या वळणदार वाटा अमेरिकेंत जागोजाग बांधल्या गेल्या.

ह्या अवस्थेला आपण मराठींत ‘स्वमग्नता’ म्हणतों. शब्द सुबक आहे, पण न्याय्य नाहीं. ‘ऑटिझम’ हें नांव प्रथम ब्लॉयलर ह्या स्विस वैद्यानें एका निराळ्याच मनोविकाराचें लक्षण सांगण्याकरितां बनविलें. १९४३ सालीं लिओ कॅनर ह्यांनीं तें मुलांना लावलें, आणि त्यांतील ग्रीक ‘स्व’ आपल्या भाषांतरांतहि उतरला. जणूं तें मूल आपल्याच आनंदांत बुडून गेलें आहे! ग्रँडिनबाईंचें स्वतःचें सांगणें अगदीं उलट आहे. त्यांच्या अनुभवांत प्रमुख भावना भीति ही होती. जग त्यांच्या बाहेर राहिलें नव्हतें. तें फार आंत शिरत होतें.

आणि जेथें भीति नाहीं तेथें धैर्याचा प्रश्नच येत नाहीं. प्लेटोच्या ‘लाखेस’ ह्या संवादांत हीच चर्चा आहे, आणि तीहि मुलांच्या शिक्षणावरूनच निघते. आपल्या मुलांना शस्त्रविद्या शिकवावी काय, हें विचारावयास दोन बाप दोघां सेनापतींकडे येतात, तों सॉक्रेटीस म्हणतो, धैर्य म्हणजे काय तें आधीं ठरवूं. लाखेस चटकन् सांगतो कीं जो आपली जागा सोडून पळत नाहीं तो धैर्यवान्. सॉक्रेटीस त्याला सिथियन स्वारांची आठवण देतो. ते मागें हटत हटतच लढतात. (गनिमी काव्याची ओळख असलेल्या मराठी वाचकाला हें उदाहरण परकें वाटूं नये.) दुखण्यांत, दारिद्र्यांत, समुद्रावर धीर धरणारेहि त्याला धैर्यवानांत हवे असतात. दुसरा सेनापति निसियस तर म्हणतो कीं न समजल्यामुळें जें बालक भीत नाहीं, तें केवळ निर्भय. त्याला धैर्यवान् म्हणूं नये. ह्या कसोटीनें पाहतां, गलका असह्य झाला म्हणून वर्गांतून उठून जाणारें, आणि जीव थाऱ्यावर येतांच परत येऊन बसणारें मूल सिथियनच म्हणावयाचें. आपण मात्र त्याच्या उठून जाण्याची तेवढी नोंद करतों.

पुस्तकाची गोडी मला मान्य आहे. तरी त्यांतील एक सूर खटकतो. वेगळेपणाचें समर्थन अखेर यशानें केलें आहे. ती निराळी होती, पण पाहा, केवढी शास्त्रज्ञ झाली! जें मूल कधीं प्राध्यापक होणार नाहीं, कदाचित् कधीं बोलणारहि नाहीं, त्याच्या आईनें त्याला मांडीवर घेऊन हें पुस्तक उघडलें, तर शेवटच्या पानाशीं तिनें काय म्हणावें?

खरें पाहतां ग्रँडिनबाईंच्या कामांत ह्या यशाहून मोठी गोष्ट दडलेली आहे. गुरें अरुंद वाटेंत एकाएकीं अडून राहत, तेव्हां माणसें काठीनें व विजेच्या टोचणीनें त्यांना पुढें ढकलीत. बाई स्वतः त्या वाटेंत उतरल्या आणि गुराच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहूं लागल्या. कोठें एक साखळी लोंबत असे, कोठें उन्हाची तिरीप चमके, कोठें कोणीं कुंपणावर कोट टाकलेला असे. एवढ्यानें गुरें बिचकत. बाईंनीं गुरांना धीट केलें नाहीं. कोट काढावयास सांगितला. बारीकसारीक गोष्टींची दहशत जिनें स्वतः सोसली होती तिलाच तो दिसला, ह्यांत नवल नाहीं. (तीं गुरें पुढें कत्तलखान्यांत जात, हें विसरून चालणार नाहीं. शांतपणें चालणारा जीव चालविणाऱ्याच्या सोयीचा असतो. मुलाच्या बाबतींतहि ही शंका जागी ठेवलेली बरी: शांति त्याला हवी आहे कीं आपल्याला?)

म्हणून ‘शाबास, किती शूर!’ असें ह्या मुलांना म्हणतांना मला संकोच वाटतो. घंटा आपणच कर्कश ठेवावयाची, आणि ती सोसल्याबद्दल मुलाची पाठहि आपणच थोपटावयाची!

तथापि सगळेच कोट काढतां येत नाहींत. पंधरा वर्षांची टेंपल आरिझोनांत नात्यांतल्या एका बाईंच्या गुरांच्या कुरणावर जाण्यास घाबरत होती. किती दिवस राहावयाचें हें आईनें तिच्यावर सोपविलें. जावयाचें कीं नाहीं, हें मात्र सोपविलें नाहीं. तेथेंच तिनें लस टोचतांना गुरांना दोन्ही बाजूंनीं दाबून धरणारी चौकट पाहिली. तींत शिरतांच कांहीं गुरें शांत होतात हें तिच्या ध्यानांत आलें, आणि मग तिनें स्वतःसाठीं तसेंच यंत्र बनविलें. कारण माणसाची मिठी तिला सोसत नसे, पण दाब हवा असे. शाळेंतील मोठ्यांना तें यंत्र विकृत वाटलें. एका विज्ञानशिक्षकानें मात्र त्यानें बरें कां वाटतें हें शास्त्रानें शोधावयास तिला सांगितलें.

आतां काठीनें ढकलणाऱ्या माणसांत आणि ह्या आईंत फरक काय? फळ चांगलें आलें म्हणून आईचें बरोबर, असें म्हणण्याची सोय आपण वरच गमावली आहे. मला वाटतें, मुदतीची निवड देणें म्हणजे भीति खरी आहे हें कबूल करणें. काठीला तेवढी कबुली देतां येत नाहीं. परंतु कोठें ढकलावें आणि कोठें कोट काढावा, ह्याचें माप त्या आईजवळ तरी तयार असेल असें वाटत नाहीं. ‘लाखेस’मध्यें धैर्याची व्याख्या शेवटपर्यंत सांपडत नाहीं. बोलणें संपतें, आणि म्हातारा लिसिमाखस सॉक्रेटिसाला विनवितो कीं उद्यां पहाटे माझ्या घरीं ये. मुलांचें काय करावयाचें तें अजून ठरावयाचें आहे.