कोणाला सोसवत नाही?

इंग्रजी भाषेत क्रियाविशेषणांचे एक कुटुंब आहे. अनबेअरेबली, इन्टॉलरेबली, इन्सफरेबली, एक्स्क्रूशिएटिंगली. सोसण्यापलीकडचे जे जे असेल ते सांगण्यासाठी हे शब्द जन्माला आले. आज त्यांचा वावर कुठे आहे म्हणाल तर चहाच्या टेबलावर. गाडी 'एक्स्क्रूशिएटिंगली' सावकाश चालते, पाहुणा 'इन्सफरेबली' आढ्यताखोर असतो, आणि शेजाऱ्यांचे तान्हे बाळ तर 'अनबेअरेबली' गोड असते. असे म्हणणारी व्यक्ती त्या बाळाकडे पाहून लगेच दुसरे बिस्किट उचलते. म्हणजे गोडवा फारसा जड गेलेला नसतो.

यात नवे काही नाही. 'ऑफुल' या शब्दात एके काळी ईश्वरापुढे उभे राहताना वाटावा असा दरारा होता; 'टेरिबल'मध्ये थरकाप होता. आता 'ऑफुली नाइस' आणि 'टेरिबली काइंड' म्हणताना कोणी थरथरत नाही. बिचाऱ्या 'व्हेरी'चा मूळ अर्थ तर 'खरे' असा होता. झिजून झिजून त्याचा नुसता 'फार' उरला. आपणही मागे नाही. फराळाला आलेल्या पाहुण्याने 'चकली भयंकर झालीय' असे म्हटले, तर घरच्या बाईने हसावे की रुसावे, हे त्याचा हात पुन्हा ताटलीकडे वळेपर्यंत समजत नाही.

भाषाशुद्धीवाले यावर कपाळाला हात लावतात. मी त्यांच्यातला नव्हे. शब्द झिजतात तसे नवे येतात. टांकसाळ काही बंद पडत नाही. परंतु या विशिष्ट कुटुंबाविषयी मला वेगळाच प्रश्न पडतो, आणि तो व्याकरणाइतकाच नीतीचा आहे.

या शब्दांची मुळे उकरली की प्रत्येकाच्या तळाशी ओझे सापडते. 'बेअर' म्हणजे वाहून नेणे. 'सफर'मधला लॅटिन धातूही तोच. आणि आपला 'भार' ज्या 'भृ' धातूपासून झाला, तो या दोघांचा सख्खा भाऊ. 'टॉलरेट'चे नाते आपल्या 'तुले'शी, 'तोला'शी लागते. 'एक्स्क्रूशिएटिंग'मध्ये तर सरळ क्रूसच आहे, ज्यावर माणसाला खिळ्यांनी ठोकत तो. रोमन लोकांनी ज्या मरणासाठी शब्द घडवला, तो आपण कंटाळवाण्या व्याख्यानासाठी वापरतो. असो. मुद्दा हा की ओझे म्हटले की ते वाहणारा कोणीतरी असतो.

आता एक गंमत पाहा. जो माणूस 'हे असह्य आहे' असे म्हणतो, तो ते म्हणण्याच्या क्षणी सहन करीतच असतो. खरोखर सहनशक्ती संपली की माणूस किंचाळतो किंवा शुद्ध हरपतो. तो नेमके क्रियाविशेषण निवडीत बसत नाही. काटेकोरपणे पाहिले तर हा शब्द नेहमी खोटाच ठरतो. तरीही तो आपल्याला खोटा वाटत नाही, कारण ते ओझ्याचे वजन सांगणारे विधान नव्हेच. ती हाक आहे. सरपणाचा भारा डोक्यावर घेतलेली बाई वाटेने येणाऱ्याला 'जरा हात लावा हो' म्हणते, त्या जातीची.

आणि इथेच इंग्रजी क्रियाविशेषण मला खटकते. ते वस्तूच्या गळ्यात पडते आणि वाहणाऱ्याला वाक्यातून घालवून देते. खोली 'अनबेअरेबली' गरम आहे. कोणाला? वाक्य गप्प. उन्हाचा पारा जसा माणसावाचून चढतो-उतरतो, तसे दुःख जणू माणसावाचूनच मोजले जाते. मराठीत 'असह्य' हा शब्द आहे खरा, पण त्याला 'पणे' जोडून केलेले 'असह्यपणे' कानाला भाषांतराचा वास लावते. आपली खरी रीत वेगळी. आपण म्हणतो, मला बघवत नाही, तिला ऐकवेना, त्यांच्याने सोसवले नाही. या 'वत नाही'ला माणूस लागतोच. बोलताना तो गाळला तरी ऐकणारा त्याला धरूनच चालतो. एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना 'शांतता अनबेअरेबली लांबली' अशा अर्थाच्या वाक्यापाशी मी दीड दिवस अडून बसलो होतो. खोलीत तिघेजण होते: बाप, मुलगी आणि परका मनुष्य. शांतता कोणाला सोसवेना, हे लेखिकेने सांगितले नव्हते, आणि इंग्रजीने तिला ते सांगायला भाग पाडले नव्हते. मराठीत मला एकाची निवड करणे प्राप्त होते.

जिथे या शब्दांवर खरेच काही अवलंबून असते, तिथे इंग्रजीलाही अखेर माणसाकडे वळावे लागते. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ७८ शब्द २० गटांत चढत्या क्रमाने लावले आहेत. एका गटाची सुरुवात नुसत्या त्रासापासून होते आणि शेवटची पायरी आहे 'अनबेअरेबल'. त्याखेरीज शून्य ते पाच अशी एक मोजपट्टी आहे; तिच्या पाचव्या घरात 'एक्स्क्रूशिएटिंग' हा शब्द बसवला आहे. चहाच्या टेबलावरचा तोच शब्द. पण इथे तो रोग्याने स्वतः निवडायचा असतो. दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने नाही. त्याच कॅनडात २०१६ साली, ज्यांच्या यातनांना उतार नाही अशा रोग्यांना वैद्यकीय साहाय्याने मरण स्वीकारू देणारा कायदा झाला. यातना 'इन्टॉलरेबल' हव्यात एवढ्यावर तो कायदा थांबला नाही. त्यापुढे 'टु देम' असे दोन लहान शब्द त्याने जोडले. त्यांना स्वतःला असह्य. जीवनमरणाचा निर्णय करताना कायदेपंडितांना चतुर्थी विभक्तीची आठवण झाली, याचे मला फार समाधान वाटले.

हाक रोज उठून मारली की लोक खिडकी उघडीत नाहीत, ही लांडग्याची गोष्ट आपण पोरांना सांगतोच. पण उलट बाजूही आहे, आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. आपल्या घरांतून अशी माणसे, विशेषतः बायका, पुष्कळ होऊन गेल्या की ज्यांनी हा शब्द कुलूपबंद ठेवला. त्यांच्या सोसण्याचे आपण गोडवे गातो. त्या गोडव्यांत आपली सोय किती असते, हे एकदा तपासून पाहायला हवे.

माझ्या आत्याला कंबरेच्या दुखण्यासाठी इस्पितळात नेले तेव्हा दसरा होऊन गेला होता. तरुण डॉक्टरने रिवाजाप्रमाणे विचारले, "आजी, दुखणं शून्य ते दहापैकी किती?" आत्याला वाटले, तो परीक्षेचे गुण विचारतो आहे. ती म्हणाली, "तीन-चार घाला." त्याने तीन लिहिले. मी काही बोलणार तोच ती पदर सारखा करीत, जणू जाता जाता सांगावे तशी म्हणाली, "बसवत नाही रे बाबा, अन् उठवतही नाही."

डॉक्टरने कागद बाजूला ठेवला. खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"कधीपासून बसवत नाही?"

"गणपती आले त्याच्या आधीपासून," आत्या म्हणाली.