माऊन : लहान वस्तूंचा मोठा हिशेब

दिव्य कुरआनचा 107 वा अध्याय 'अल-माऊन' अवघ्या 7 आयतींचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तो लहानपणापासून मुखोद्गत असतो आणि नमाजमध्ये आपण तो वारंवार पठण करतो. परंतु ज्या शब्दावर हा अध्याय संपतो व ज्यावरून त्याला नाव मिळाले, त्या शब्दाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. अनाथाला धक्के देणाऱ्या आणि गरिबाला जेवू घालण्यास कोणाला प्रवृत्त न करणाऱ्या माणसाचे वर्णन करून हा अध्याय नमाज पढणाऱ्यांकडे वळतो. जे आपल्या नमाजविषयी बेपर्वा आहेत, लोकांना दाखविण्यासाठी सत्कर्म करतात आणि 'माऊन' देण्यास नकार देतात, त्यांना विनाशाची ताकीद दिलेली आहे.

माऊन म्हणजे काय? काही भाष्यकारांनी त्याचा अर्थ जकात असा घेतला आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांनी मात्र शेजारीपाजारी एकमेकांना वापरण्यास देतात त्या वस्तू, म्हणजे कुऱ्हाड, हंडी, पोहरा, असा त्याचा अर्थ सांगितला आहे. या दोन्ही अर्थांत विरोध नाही. ज्याला परत मिळणारी कुऱ्हाड देववत नाही, तो कधीही परत न येणारी जकात मनापासून कशी देईल?

ही तीन वस्तूंची यादी जुन्या काळातील वाटते. पण 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडपासून दापोली-मंडणगडपर्यंत हीच यादी पुन्हा खरी ठरली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब मोडून पडले. अनेक गावांत कित्येक आठवडे वीज आली नाही. रस्त्यावर पडलेली झाडे तोडायला कुऱ्हाड हवी होती. पंप बंद पडल्याने विहिरीचे पाणी काढायला पोहरा हवा होता. ज्यांची चूल भिजली, त्यांना दुसऱ्याच्या चुलीवरची हंडी हवी होती. आखातात नोकरीला असलेल्या मुलाला 'आम्ही सुखरूप आहोत' एवढे कळवायचे, तरी मोबाइल चार्ज करण्यासाठी जनित्र असलेले घर शोधावे लागत होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रमजान ईद होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. टाळेबंदीमुळे मशिदी बंद होत्या व नमाज घरोघरी अदा होत होती. कोण पहिल्या रांगेत उभा आहे, हे पाहणारे कोणी नव्हते. अशा वेळी माणसाची धर्मनिष्ठा दोनच ठिकाणी दिसत होती: अल्लाहपुढे एकांतात आणि शेजाऱ्याच्या दारात. सूरह अल-माऊनने नमाज आणि माऊन यांना एकाच सूत्रात का गुंफले आहे, याचे उत्तर त्या दिवसांनी दिले.

शेजारी कोणास म्हणावे, हेही इस्लामने संदिग्ध ठेवलेले नाही. सूरह अन्-निसाच्या 36 व्या आयतीत नातेवाईक शेजाऱ्याबरोबरच परक्या शेजाऱ्याशीही सद्वर्तन करण्याची आज्ञा आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठविला की नाही, याची त्यांनी आवर्जून चौकशी केली होती. हजरत आयशा (रजि.) यांनी दोन शेजाऱ्यांपैकी भेट प्रथम कोणाला द्यावी असे विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ज्याचे दार अधिक जवळ आहे त्याला, असे सांगितले. निकष दाराच्या अंतराचा आहे. धर्म, जात वा मैत्री यांचा येथे प्रश्नच नाही. एका अन्य हदीसमध्ये पाणी, चारा आणि अग्नी या तीन गोष्टींत लोकांना भागीदार म्हटले आहे. आज पाणी वर चढविणारी आणि उजेड देणारी शक्ती म्हणजे वीज. ती ज्याच्या घरी शिल्लक आहे, त्याने या हदीसच्या प्रकाशात स्वतःकडे पाहावे.

परंतु खरी परीक्षा वीज परत आल्यावर सुरू होते. संकटात माणसे एकत्र येतात, कारण तेव्हा प्रत्येकालाच दुसऱ्याची गरज असते. दिवे लागले, पंखे फिरू लागले की दारे पुन्हा लागतात. अंधारात ज्याच्या घरचे पाणी भरले, तो उजेडात जिन्यावर भेटला तर सलाम-नमस्कारही होत नाही. आणि काही ठिकाणी तर तारेवर आकडा टाकून वीज घेतली जाते, रोहित्रावर भार येऊन सगळा मोहल्ला अंधारात जातो. ही चोरी तर आहेच, शिवाय शेजाऱ्याला दिलेला त्रासही आहे. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही, त्याच्या ईमानविषयी प्रेषितांनी (स.) किती कठोर शब्द वापरले आहेत, हे आपण जाणतो.

म्हणून काही गोष्टी आजच ठरवाव्यात. आपल्या मजल्यावर वा आळीत एकटे राहणारे वृद्ध कोण आहेत, कोणाच्या घरी श्वासाचे यंत्र विजेवर चालते, कोणाचे इन्सुलिन फ्रीजमध्ये आहे, याची माहिती आपल्याला असावी. ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्याने मागण्याची वाट न पाहता स्वतः दार ठोठवावे. गरजवंताला मागण्याचा संकोच असतो. जनित्र लावायचे तर त्याचा धूर व आवाज दुसऱ्याच्या खिडकीत जाणार नाही, हे पाहावे. आणि जे दिले त्याची छायाचित्रे काढून मिरवू नये, कारण माऊन न देणारा आणि दिखावा करणारा, दोघांचा उल्लेख त्या अध्यायात शेजारीशेजारीच आहे.

कयामतच्या दिवशी मोठमोठ्या दानांचा हिशेब होईलच; पण एक पोहरा, एक कुऱ्हाड, चार्जिंगची एक वायर यांचाही होईल. अल्लाह आपली नमाज आपल्या उंबरठ्याबाहेर पोहोचविण्याची आपणा सर्वांना सद्बुद्धी देवो, आणि ज्याचे दार आपल्या सर्वांत जवळ आहे, त्याच्यासाठी आपल्याला आधार बनवो. आमीन.