उरणें म्हणजे काय?

कित्येक प्रश्न वरवर पाहतां गणिताचे दिसतात. पण उत्तर काढावयास बसलें म्हणजे त्यांचें मूळ नीतींत आहे असें आढळून येतें. अशाच एका प्रश्नानें गेले कांहीं आठवडे मला गुंतवून ठेविलें आहे. माझे एक जुने विद्यार्थी अमेरिकेंत मिशिगन राज्यांत एंजिनियर आहेत. त्यांनीं पत्रानें विचारिलें कीं, १९६४ ते १९७२ च्या सुमारास तिकडे बनलेल्या 'मसल कार' या जातीच्या मोटारींपैकीं आज किती शिल्लक असतील, याचा अंदाज कसा बांधावा? तर्कशास्त्र शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला मोटारींतलें काय कळणार, असें मला प्रथम वाटलें. परंतु पत्राच्या शेवटीं त्यांनीं आपली एक अडचण लिहिली होती. ती वाचल्यावर हा प्रश्न माझ्याच प्रांतांतला आहे अशी खात्री झाली.

ज्या वाचकांस या मोटारींची ओळख नसेल, त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. मध्यम आकाराच्या, साध्या घरगुती मोटारींत मोठ्या गाडीचें दांडगें एंजिन बसवावें आणि ती तरुणांस परवडेल अशा किंमतीस विकावी, ही ती कल्पना. पाँटिॲक कंपनीनें 'जीटीओ' या नांवानें १९६४ सालच्या अशा ३२,४५० मोटारी बनविल्या. १९६६ सालच्या जीटीओंची संख्या ९६,९४६ वर गेली. पुढें विम्याचे दर चढले, १९७० सालीं हवेच्या शुद्धतेचा कायदा कडक झाला आणि १९७३ सालीं तेलाचें संकट कोसळलें. तेव्हां हें युग संपलें. मग त्याच मोटारी जुन्या बाजारांत स्वस्तांत जाऊं लागल्या. कांहीं शर्यतींत चुरडल्या; उत्तरेकडे हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानें कांहीं गंजल्या; आणि १९७९ सालीं सुरू झालेल्या 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' या दूरचित्रवाणीवरील मालिकेंत उड्या मारण्यासाठीं डॉज चार्जर जातीच्या शेकडों मोटारी मोडण्यांत आल्या.

अर्थात् जन्मांची नोंद आहे, मृत्यूंची नाहीं. मग हयात असलेल्यांची गणती कशी करावी? सरकारी नोंदणी पाहावी, तर शेतावरच्या कोठारांत तीस-तीस वर्षें धूळ खात पडलेल्या गाडीचा परवाना कोण नवा करून घेतो? तळ्यांतील मासे मोजण्याची एक युक्ति संख्याशास्त्रांत प्रसिद्ध आहे. शंभर मासे धरून, खूण करून सोडावे; पुन्हां शंभर धरावे; त्यांत खुणेचे दहा निघाले, तर तळ्यांत अदमासें हजार मासे आहेत असें समजावें. शौकिनांच्या मंडळाची यादी आणि प्रदर्शनांतील मोटारींची यादी ताडून पाहिल्यास हीच युक्ति येथेंही चालेल. परंतु प्रत्येक मासा सांपडण्याचा संभव सारखाच आहे, असें तींत गृहीत धरलेलें असतें. ज्या मोटारीवर मालकाचा जीव आहे ती दोन्ही याद्यांत येते. गवताच्या गंजीखालची एकींतही येत नाहीं. म्हणून हें उत्तर खऱ्यापेक्षां कमी येणार.

इतकी चूक विद्वानांस दुरुस्त करतां येईल. पण दुसरी चूक उलट दिशेची आहे, आणि ती यादींत नसून मनुष्यांत आहे. १९७० सालीं शेव्हरोले कंपनीनें आपल्या 'शेव्हेल' मोटारींत 'एलएस-६' नांवाचें प्रचंड एंजिन बसवून सुमारे साडेचार हजार गाड्या काढल्या. ही गाडी 'एसएस' आहे कीं साधी 'मालिबू' आहे, हें तिच्या अनुक्रमांकावरून त्या वर्षीं कळत नाहीं. आणि अमेरिकेंत बनलेल्या प्रत्येक शेव्हरोलेची वेगळी नोंद कंपनीनें जपलेली नाहीं. एसएस लाखांनीं विकली जाते, मालिबू त्यामानानें थोडक्यांत. तेव्हां मालिबूस एसएसचा पोषाख चढविण्याचा मोह होणें साहजिकच आहे. एलएस-६ जितक्या बनल्या त्यांहून अधिक आज हयात आहेत, असा विनोद तिकडचे जाणते करितात. जी संख्या काळाबरोबर घटलीच पाहिजे ती वाढूं लागली, तर ती वाढ लोभाची समजावी.

माझ्या विद्यार्थ्यांची अडचण हीच होती. त्यांनीं एसएस म्हणून घेतलेल्या मोटारीची तेलाची टाकी दुरुस्तीस उतरविली, तेव्हां तिच्या माथ्यावर कारखान्यांतला एक जीर्ण कागद चिकटलेला निघाला. त्यावर नोंद होती ती साध्या मालिबूची आणि ३०७ घनइंचांच्या साध्या एंजिनाची. आतां मुलीच्या शिक्षणासाठीं मोटार विकावयाची आहे. ते लिहितात, "मी खोटें बोलणार नाहीं, फक्त कागदाविषयीं कांहीं बोलणार नाहीं. शिवाय सर, मिलिंदाचा रथ तुम्हीच आम्हांस शिकविला होता!"

खरोखरच शिकविला होता. रथांतून आलेल्या मिलिंद राजास भिक्षु नागसेन विचारतो: आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे? जूं म्हणजे? राजा प्रत्येकास 'नाहीं' म्हणतो, आणि अखेर कबूल करितो कीं, या अवयवांच्या आधारानें चालणारें 'रथ' हें एक व्यवहारांतलें नांव आहे. आज १९६७-६९ च्या कॅमॅरो मोटारीचे सबंध नवे सांगाडे विकत मिळतात. नागसेनास याहून चांगलें उदाहरण मिळालें नसतें. मग एसएस हें नुसतें नांवच असेल, तर तें मालिबूस दिल्यानें काय बिघडलें?

माझ्या मतें येथेंच माझे विद्यार्थी चुकले. नांवाच्या मागें अविनाशी वस्तु असती, तर एकाच्या मौनानें तिला धक्का लागला नसता. पण नांव केवळ व्यवहारानेंच उभें असेल, तर तें वापरणाऱ्यांच्या सचोटीवांचून त्याला दुसरा आधारच नाहीं. मौन पाळून केलेली प्रत्येक विक्री एका गिऱ्हाइकास ठकविते इतकेंच नव्हे, तर पुढें मोजावयास येणाऱ्या प्रत्येकाची मोजणी नासविते.

म्हणून त्यांस लिहिलें: तुम्ही मोजाल तेव्हां तीन रकाने करा. पहिल्यांत, कारखान्यांतून निघाल्या तशाच राहिलेल्या. दुसऱ्यांत, दुरुस्त झालेल्या, पण आपला मूळ सांगाडा आणि पुरावा टिकविलेल्या. तिसऱ्यांत, केवळ नांव सांगणाऱ्या. तिन्ही मिळून एकच आंकडा कोणी मागेल तर तो देऊं नका. आणि तो कागद कांचेंत बसवून मोटारीबरोबर द्या. किंमत पडेल, हें मी जाणतों. मुलीची फी मला भरावयाची नाहीं, तेव्हां उपदेश स्वस्त आहे, हेंही जाणतों. परंतु एवढें ध्यानांत घ्या कीं, साध्या मालिबू कोणी जपल्या नाहींत आणि त्यांची गणतीही कोणी करीत नाहीं. तुमच्या कागदानें उरलेल्या एसएसमधून एक वजा झाली खरी. पण पन्नासांहून अधिक वर्षें तग धरून राहिलेली एक मालिबू त्यानेंच उजेडांत आणिली. तिला तिच्या स्वतःच्या नांवानें मोजूं द्या.

उत्तर अद्याप आलेलें नाहीं.