८३ अंश 'नॉर्मल' आहे का?

नवं ग्राफिक्स कार्ड घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात गेम कमी खेळतो आणि तापमान जास्त बघतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा लावून ठेवलेला असतो. ६४, ७१, ७८. आकडा ८० च्या पुढे सरकला की ओळखीतल्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवाल्याला मेसेज जातो, "८३ आहे. नॉर्मल आहे का?" आमच्या नातेवाइकांत तो कॉम्प्युटरवाला मी. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी आहे म्हणजे प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं मला कळतं, असा घरोघरी समज आहे.

याचं उत्तर सोपं आहे. हो, नॉर्मल आहे. काही काम नसताना ३० ते ५० अंश आणि गेम किंवा रेंडर चालू असताना ६५ ते ८५, यात बहुतेक कार्डं बसतात. आरटीएक्स ३०८० साठी एनव्हिडियानेच दिलेली कमाल मर्यादा ९३ अंश आहे, ४०९० साठी ९०. मर्यादा ओलांडायची वेळ आली तर कार्ड स्वतःच वेग कमी करतं, आणि तरीही भागलं नाही तर बंद पडतं. म्हणजे ८३ ला घाबरण्यासारखं काही नाही. झोपा.

तरी त्या प्रश्नातला एक शब्द मला टोचत राहतो. विचारणाऱ्याला 'हे नॉर्मल आहे का' यात फारसा रस नसतो. त्याला विचारायचं असतं, 'हे सुरक्षित आहे का?' आणि आपण सगळे बिनदिक्कत पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्याचं दिल्यासारखं दाखवतो. नॉर्मल म्हणजे बाकीच्यांचं काय चाललंय. ते मोजता येतं, शंभर कार्डं तपासली की झालं. सुरक्षित म्हणताना मात्र ठरवावं लागतं की कुणासाठी, किती वर्षांसाठी, आणि बिघडलं तर पैसे कुणाच्या खिशातून जाणार. हे थर्मामीटरला विचारून कळत नाही.

आधी तो आकडा म्हणजे काय ते बघू. ८३ हे 'कार्डचं' तापमान नसतंच. ते चिपवरच्या एका ठिकाणचं, किंवा काही ठिकाणांवरून काढलेलं असतं. त्याच चिपवर सगळ्यात तापलेली जागा, म्हणजे हॉटस्पॉट, त्याच क्षणी दहा-पंधरा अंशांनी वर असू शकते. शेजारच्या मेमरी चिप्सचा हिशोब आणखी वेगळा. ३०८० आणि ३०९० वरची जीडीडीआर६एक्स मेमरी ११० च्या आसपास पोचल्यावर वेग कमी होतो. मुख्य आकडा ७० दाखवत असताना मेमरी १०० च्या वर असणं हे या कार्डांवर अनेकांनी पाहिलंय. घराघरांतही असंच असतं म्हणा. पाहुण्यांना दिसतो तो हॉलमधला आकडा.

२०१९ मध्ये एएमडीने आपल्या आरएक्स ५७०० मालिकेबद्दल जाहीर सांगितलं की हॉटस्पॉट ११० अंशांपर्यंत जाणं अपेक्षित आहे आणि मर्यादेत आहे. लोक हादरले. पाणी उकळतं त्याच्याही वर! पण त्यामागचा युक्तिवाद मला पटतो. पूर्वी एकाच सेन्सरवर विश्वास ठेवावा लागायचा, त्यामुळे न दिसणाऱ्या भागासाठी बरीच जागा राखून ठेवावी लागे. आता चिपभर सेन्सर पसरलेले आहेत, सगळ्यात गरम कोपरा दिसतो, मग विनाकारण लवकर ब्रेक का मारायचा? त्यांनी आकडा लपवला नव्हता, उलट उघडा केला होता.

मग डिसेंबर २०२२ मध्ये त्याच कंपनीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स आलं. काही आठवड्यांत काही ग्राहकांच्या कार्डवर हॉटस्पॉट पुन्हा ११० ला टेकलेला दिसू लागला. पंखे किंचाळतायत, वेग पडतोय. आकडा तोच आणि मर्यादाही तीच. पण जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने मान्य केलं की काही कार्डांत थंड करणाऱ्या व्हेपर चेंबरमध्ये पुरेसं पाणीच भरलेलं नव्हतं, आणि अशी कार्डं बदलून देऊ म्हणाली. व्हेपर चेंबर म्हणजे एक चपटा, बंद तांब्याचा डबा. आत थोडंसं पाणी. चिपजवळ त्याची वाफ होते, दुसऱ्या बाजूला थंड होऊन पुन्हा पाणी होतं, आणि या फेऱ्यांतून उष्णता वाहून नेली जाते. पाणी कमी पडलं की फेरी तुटते.

मला यातला पेच महत्त्वाचा वाटतो. ११० हा आकडा एकदा कार्ड नीट बनवल्याचं चिन्ह होता आणि एकदा ते फसल्याचं. फक्त आकडा बघणाऱ्याला दोन्हींत फरक दिसला नसता. 'मर्यादेत आहे' हे वाक्य दोन्ही वेळा खरं होतं.

आणखी मागे जाऊ. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या बिघडणाऱ्या ग्राफिक्स चिप्ससाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. चिप आणि तिचं आवरण जोडणारी सामग्री कमकुवत ठरली होती. इथे एका ठरावीक कमाल तापमानापेक्षा तापणं-निवणं, तापणं-निवणं जास्त नडत होतं. लॅपटॉप दिवसातून दहा वेळा उघडायचा आणि मिटायचा, दर वेळी वेगवेगळे थर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावायचे, आणि टाचणीच्या टोकाहून बारीक जोड हळूहळू तडकायचे. कंपनीने तेव्हा दिलेल्या कारणांत कमकुवत सामग्री होती, लॅपटॉप बनवणाऱ्यांची थंड करण्याची रचना होती, आणि ग्राहकांची वापरण्याची पद्धतही होती. शेवटचं कारण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. लॅपटॉप उघडून बंद करणं ही वापरण्याची पद्धत! पण तांत्रिकदृष्ट्या ते चूक नाही. म्हणूनच 'सुरक्षित' हा शब्द निसरडा आहे. वापरणारा कोण आणि कसा, हे बनवणाऱ्याने आधीच मनात धरलेलं असतं, आणि तो कल्पनेतला माणूस तुम्ही असालच असं नाही.

हा प्रश्न गेल्या वर्षी माझ्या टेबलावर आला. मी नवं कार्ड घेतलं आणि जुनं ३०८० रिकामं झालं. माझा मामेभाऊ अकोल्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, हल्ली त्यात थ्रीडीची कामंही घेतो. त्याने विचारलं, "दादा, मला देशील का? तापत नाही ना?" पुण्यात माझ्या खोलीत २७ अंशांवर ते फुल लोडला ७४ दाखवायचं. मेमरी ९६. हे मी त्याला पाठवलं असतं तर अक्षरशः खरं होतं, आणि घरच्या किमतीत सौदा तिथेच संपला असता.

पण कार्ड थंड होतं ते खोलीच्या हवेने. तेवढीच वीज आणि तेवढाच पंखा असेल, तर कार्ड खोलीपेक्षा साधारण ठरावीक अंशांनीच वर राहतं. माझ्याकडे ते ४७ अंशांनी वर होतं. अकोल्यात मे महिन्यात त्याच्या दुकानात दुपारी ४१ असतं, एसी नाही. ४१ अधिक ४७, ८८. पंखे जोरात फिरून त्यातले चार-पाच अंश वाचवतील. मेमरी मात्र ११० च्या उंबरठ्यावर. कार्ड जळणार नाही, ते स्वतःला सांभाळेल. पण पंख्यांचे बेअरिंग, कॅपॅसिटर, चिपवरची पेस्ट ही मंडळी रोज थोडी थोडी झिजतात. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरबाबत तर ढोबळ नियमच आहे, दर १० अंशांना आयुष्य निम्मं.

माझ्या मते इथे खरं बोलणं म्हणजे माझा आकडा सांगणं नव्हे, त्याच्या दुकानात होणारा आकडा सांगणं. हा नियम सेकंडहँड बाजाराला लावला तर निम्मी दुकानं बंद होतील हे मला माहीत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं माइनिंग थांबल्यावर बाजारात वापरलेल्या कार्डांचा ढीग आला, आणि 'टेम्परेचर एकदम नॉर्मल' हे वाक्य बहुतेक जाहिरातींत होतं. बहुतेकांचं खरंही असेल. एसीत, बंद रॅकमध्ये, उघड्यावर, कुठल्या हवेत मोजलं, हे फार थोड्यांनी लिहिलं.

मी त्याला हिशोब पाठवला, आणि वीज ३२० वॅटवरून २४० वर बांधून दिली. वेग थोडासाच कमी होतो, आणि चार सीलिंग फॅनइतकी उष्णता तीन फॅनइतकी होते. त्याचं उत्तर आलं, "म्हणजे नॉर्मल आहे ना मग?" पुढे त्याने लिहिलं की मे म्हणजे लग्नसराई, सगळी डिलिव्हरी तेव्हाच, त्यामुळे गरज पडली तर तो मर्यादा काढणार. त्याचा हिशोब त्याच्यापुरता बरोबर आहे. कार्ड पाचऐवजी तीन वर्षं टिकलं तरी त्याला परवडतं. किती झीज चालेल हे ठरवण्याचा हक्क झीज सोसणाऱ्याचा, यावर मी ठाम आहे, फक्त त्याला खरा आकडा दिलेला हवा.

पण त्या ४१ अंशांत कार्डाशेजारी तोही बसतो, आणि त्याला कुणी वीज बांधून दिलेली नाही.

हवामान खातं उष्णतेबद्दल बोलतं तेव्हा 'सरासरीपेक्षा इतके अंश जास्त' असं म्हणतं. ती सरासरी ३० वर्षांची असते आणि साधारण दर दहा वर्षांनी पुढे सरकते. उन्हाळे तापत गेले की नॉर्मलही वर चढतो, आणि कालचा धक्का आजची सरासरी होतो. शरीर तसं सरकत नाही. ते ३७ वरच अडून बसतं, आणि घाम वाळेनासा झाला की त्याच्याकडे दुसरा पंखा नाही.

कामानिमित्त मी नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये दोनदा गेलोय. आम्ही भाड्याने घेतलेली ग्राफिक्स कार्डं तिथे राहतात. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी अशी अमेरिकेतल्या अ‍ॅशरे या संस्थेची शिफारस आहे, आणि ती तिथे काटेकोर पाळतात. २८ झालं तर अलार्म वाजतो, कुणाला तरी फोन जातो, ते का झालं याचा अहवाल लिहिला जातो. बाहेर फाटकावर पत्र्याची केबिन आहे. तिच्यात एक गार्ड, एक रजिस्टर, एक टेबलफॅन. एप्रिलमधली दुपार होती. मी सही करायला आत वाकलो तेव्हा पेनसुद्धा गरम लागलं.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १३ होतं. कामाच्या जागी कामगारांना वाजवी आराम मिळेल आणि आरोग्याला इजा होणार नाही असं तापमान ठेवा, असं ते सांगायचं. आकडा कलमात नव्हता, तो ठरवायची मुभा राज्य सरकारला होती. आणि हे सगळं कारखान्यातल्या कामाच्या खोलीबद्दल. फाटकावरची केबिन त्यात कुठे बसते हे मी एका वकील मित्राला विचारलं, तो म्हणाला, आधी ती खोली आहे का ते ठरवावं लागेल.

मी गार्डकाकांना विचारलं, आत किती असेल हो? ते म्हणाले, "असंच असतं साहेब, नेहमीचंच आहे." मग माझ्या बॅगेकडे बोट करून म्हणाले, आत स्वेटर घालून जा, आतमध्ये फार थंडी असते.